धुक्यातलं व्हाइटवुड

एका बाईला खांबाला बांधलं आहे, पायाशी लाकडं रचली आहेत. साल १६९२, गाव व्हाइटवुड, मॅसॅच्युसेट्स. बाईचं नाव एलिझाबेथ सेल्विन. गर्दी तिला जाळा म्हणून ओरडते आहे. त्याच गर्दीत जेथ्रो कीन नावाचा एक माणूस उभा आहे. तू या चेटकिणीला सामील होतास का, असं त्याला सगळ्यांसमोर विचारलं जातं आणि तो साफ नाही म्हणतो. मग मान खाली घालून तो काहीतरी पुटपुटू लागतो. त्या पुटपुटण्यात देवाचं नाव नसतं. आभाळ भरून येतं, गडगडाट होतो आणि ज्वाळांमधली ती बाई हसायला लागते. गर्दीची आरोळी तशीच चालू राहते, पण आता ती एकाच तोंडून ऐकू येते. पडद्यावर विसाव्या शतकातला एक वर्ग दिसतो आणि प्राध्यापक ॲलन ड्रिस्कॉल मुलांना चेटकिणींचा इतिहास शिकवत ती आरोळी स्वतःच्या आवाजात म्हणून दाखवत असतात. अडीचशेहून अधिक वर्षं एका कटमध्ये ओलांडली जातात. प्राध्यापकांच्या डोळ्यांतली चमक पाहून चाणाक्ष प्रेक्षकाला तेव्हाच कळतं, की हा माणूस पुस्तकातून वाचलेलं सांगत नाही.

‘द सिटी ऑफ द डेड’ हा ब्रिटिश भयपट १९६० साली आला. अमेरिकेत तो ‘हॉरर हॉटेल’ या नावानं दाखवला गेला. त्याचा खर्च सुमारे ४५,००० पौंड. तेव्हाच्या दरानं एका पौंडाचे २.८० डॉलर होत, म्हणजे साधारण सव्वा लाख डॉलर. त्याच वर्षी आलेल्या हिचकॉकच्या ‘सायको’ला हॉलिवूडच्या हिशेबानं काटकसरीचा चित्रपट म्हटलं जातं, आणि त्याला आठ लाख डॉलर लागले होते. तिथली काटकसर या चित्रपटाच्या सहापट होती. सैतानाला वाहिलेला, सूड घ्यायला परत आलेला पंथ हा विषय भयपटांत आज इतका मळलेला आहे, की त्याच्या सुरुवातीच्या वाटा बुजून गेल्या आहेत. त्यातल्या एका वाटेवर हा ७८ मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट उभा आहे. मला तो फार आवडतो, आणि त्याच्याशी माझं एक भांडणही आहे. या प्रकरणात दोन्ही सांगायचं आहे.

चित्रपटामागे मिल्टन सुबोत्स्की आणि मॅक्स रोझेनबर्ग हे दोन अमेरिकन होते. १९५६ मध्ये त्यांनी ‘रॉक, रॉक, रॉक!’ हा तरुणांसाठीचा गाण्यांचा चित्रपट काढला होता. मग त्यांची नजर इंग्लंडकडे वळली, कारण १९५७ आणि १९५८ मध्ये हॅमर या छोट्या कंपनीनं फ्रँकेनस्टाइन आणि ड्रॅक्युला यांच्यावरच्या रंगीत भयपटांनी जगभर पैसा मिळवला होता. व्हाइटवुडची गोष्ट जॉर्ज बॅक्स्ट या लेखकाची. ती आधी बोरिस कार्लॉफला घेऊन करायच्या एका टीव्ही मालिकेसाठी लिहिली होती. चित्रपटासाठी ती अपुरी पडत होती, म्हणून सुबोत्स्कीनं ती वाढवली. दिग्दर्शक जॉन लुएलिन मॉक्सी यांचा हा पहिलाच चित्रपट. हे दोघे निर्माते पुढे अ‍ॅमिकस ही कंपनी काढून हॅमरचे प्रतिस्पर्धी झाले, पण त्यांचं खरं खातं इथे उघडलं.

आता धुक्याबद्दल, कारण या चित्रपटाची निम्मी किमया धुक्यात आहे.

व्हाइटवुड हे गाव अमेरिकेत नाही आणि इंग्लंडच्या कुठल्या खेड्यातही नाही. ते लंडनजवळच्या शेपर्टन स्टुडिओत छताखाली उभं केलेलं होतं. एक चौक, एक खानावळ, एक पडकं चर्च, एक स्मशान, दोन-चार घरांचे दर्शनी भाग. एवढ्या सामानातून गाव वाटायचं, तर प्रेक्षकाची नजर सामानाच्या कडेपर्यंत पोहोचता कामा नये. धुकं नेमकं हेच करतं. हवेतले सूक्ष्म थेंब प्रकाश चहूकडे विखुरतात. वस्तू जितकी लांब, तितकी तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये विखुरलेल्या प्रकाशाची भिंत जाड, आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक तितका पुसट. वीस फुटांवरचा रंगवलेला पडदा त्यामुळे फर्लांगभर लांबचा वाटू शकतो. स्टुडिओत असं धुकं करायच्या दोन जुन्या रीती आहेत. एक म्हणजे तेलाची वाफ हवेत सोडायची, ती सगळीकडे भरून राहते. दुसरी म्हणजे ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, गरम पाण्यात टाकायचा. त्याचं तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. त्यातून निघणारा थंडगार ढग हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो वर चढत नाही, जमिनीला धरून सरपटतो आणि माणसांच्या घोट्यांभोवती फिरतो.

हे धुकं पैशाच्या अडचणीतून आलं, यात शंका नाही. पण ते हाताळायला माणूस मोठा मिळाला. छायालेखक डेस्मंड डिकिन्सन यांनी १९४८ मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएच्या ‘हॅम्लेट’चं चित्रण केलं होतं. एल्सिनोरच्या तटबंदीवर धुक्यातून येणारं राजाचं भूत त्यांनीच टिपलं होतं. व्हाइटवुडमध्ये ते दिवा माणसांच्या मागे ठेवतात. समोरून माणूस काळा आकार दिसतो, कडेनं उजळलेला, आणि चेहरा कळायच्या आत त्याची चाल कळते. गावकरी चौकात नुसते उभे राहून पाहतात, कुणी बोलत नाही. या गावात आभाळ नाही, चंद्र नाही, ऊन कधी पडत नाही. बाहेरचं दृश्य असूनही आपण कोंडलेले आहोत असं सतत वाटत राहतं, आणि खरोखरच सगळे छताखाली कोंडलेले होते. रंगीत फिल्म आणि खरं खेडं परवडलं असतं, तर हा चित्रपट हातचा गेला असता असं माझं ठाम मत आहे.

गोष्ट साधी आहे. नॅन बार्लो ही ड्रिस्कॉलची हुशार विद्यार्थिनी. चेटकिणींवर निबंध लिहायचा, तर पुस्तकांबाहेरचं काहीतरी पाहायला हवं असं तिला वाटतं. प्राध्यापक तिला व्हाइटवुडला पाठवतात आणि ‘रेव्हन्स इन’ या खानावळीत माझं नाव सांग म्हणतात. भाऊ रिचर्ड विज्ञानाचा माणूस, त्याला हे सगळं थोतांड वाटतं. तिच्यावर प्रेम करणारा बिल थट्टा करतो. नॅन एकटीच गाडी घेऊन निघते. वाटेत एक उंच, खर्जातल्या आवाजाचा माणूस गाडीत बसवून घ्या म्हणतो. गावात पोहोचल्यावर तो शेजारच्या सीटवर नसतो. खानावळीची मालकीण मिसेस न्यूलेस. हे आडनाव उलटं वाचलं की सेल्विन ऐकू येऊ लागतं. खानावळीच्या जागीच १६९२ मध्ये एलिझाबेथ सेल्विनला जाळलं, अशी पाटी तिथे लावलेली आहे. चर्च ओस पडलं आहे आणि तिथला आंधळा पाद्री नॅनला निघून जा म्हणतो. रात्री तिच्या खोलीच्या जमिनीखालून मंत्र म्हटल्यासारखे आवाज येतात.

मग नॅन मरते. चित्रपट अर्ध्यावर आलेला असतो. आपण जिच्याबरोबर गावात आलो, जिच्या डोळ्यांनी सगळं पाहिलं, ती मुलगी तळघरातल्या वेदीवर आडवी असते. सुरा खाली येतो आणि त्याच क्षणी पडद्यावर दुसरा सुरा वाढदिवसाचा केक कापत असतो. रक्ताचा थेंब दाखवलेला नाही. त्या केककडे पाहताना पोटात जे कालवतं, ते कुठल्याही लाल रंगानं साधलं नसतं. ‘सायको’मध्येही नायिका असाच मध्यात बळी जाते आणि उरलेली गोष्ट तिला शोधणाऱ्यांची होते. ‘सायको’ आधी पडद्यावर आला, त्यामुळे हा त्याची नक्कल असावा असं पुष्कळांना वाटतं. पण दोन्ही चित्रपटांचं काम १९५९ च्या अखेरीस, अटलांटिकच्या दोन किनाऱ्यांवर चालू होतं. दोन वेगळ्या टोकांवरच्या माणसांना एकाच वेळी एकच युक्ती सुचावी, असं कलेत घडतं.

उत्तरार्ध पूर्वार्धाइतका नाही. रिचर्ड आणि बिल ही दोन्ही पात्रं कागदावरून उठतच नाहीत. पण ज्यांच्या हातात भीतीची दोरी आहे, ते तिघे पक्के आहेत. मिसेस न्यूलेस झालेल्या पॅट्रिशिया जेसेल यांना ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ या नाटकासाठी अमेरिकन रंगभूमीचं टोनी पारितोषिक मिळालेलं होतं. त्या शांतपणे, आदबीनं बोलतात आणि त्यांच्या आदबीचाच धसका बसतो. जेथ्रो कीन झालेले व्हॅलेंटाइन डायल बीबीसी रेडिओवर ‘द मॅन इन ब्लॅक’ म्हणून भीतिकथा सांगत, त्यांचा आवाज घराघरांत ओळखीचा होता. आणि प्राध्यापक ड्रिस्कॉल म्हणजे ख्रिस्टोफर ली. ड्रॅक्युला करून नुकताच जगप्रसिद्ध झालेला हा नट इथे ना दात दाखवतो ना झगा पांघरतो. तो अमेरिकन उच्चारात व्याख्यान देतो, एवढंच. याच लींनी १९९८ मध्ये जिन्नांची भूमिका केली, हे आपल्याकडच्या अनेकांना आठवत असेल.

शेवटी जखमी बिल स्मशानातला क्रॉस उपटून खांद्यावर घेतो आणि त्याची सावली ज्या ज्या अंगावर पडते, ते अंग पेटतं. धुक्यासाठी मागे ठेवलेला दिवा इथे कथेच्या कामी येतो. सावली हेच हत्यार. तुटपुंज्या पैशांत काढलेला असा नेटका शेवट मी दुसरा पाहिलेला नाही.

या चित्रपटातला पंथ मात्र बॅक्स्ट किंवा सुबोत्स्की यांच्या डोक्यातून निघालेला नाही. त्याचे घटक एकेक करून शोधता येतात. घड्याळात तेराचे ठोके पडले की बळी दिला जातो. नॅनचा बळी कॅन्डलमसच्या आदल्या रात्री, १ फेब्रुवारीला, जातो. कॅन्डलमस हा २ फेब्रुवारीचा, मेणबत्त्या आशीर्वादून घेण्याचा ख्रिस्ती सण. गोव्यातल्या आणि वसईतल्या कॅथलिक घरांना तो ओळखीचा आहे. तो चेटकिणींच्या पंचांगात कसा शिरला? याचं उत्तर मार्गारेट मरे या विदुषीकडे जातं. त्यांचा जन्म १८६३ चा, कोलकात्याचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्या इजिप्तविद्या शिकवत. १९२१ मध्ये त्यांनी पश्चिम युरोपातल्या चेटकीण-पंथावर एक ग्रंथ लिहिला. खटल्यांत चेटकिणी म्हणून मारली गेलेली माणसं खरोखरच एका प्राचीन, गुप्त धर्माची अनुयायी होती, असं त्यांचं म्हणणं. तेरा-तेरा जणांचे गट, ठरलेल्या तिथींना रात्रीचे मेळावे, आणि त्या तिथींमध्ये कॅन्डलमस. पुढे एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामधला चेटूकविद्येवरचा लेखही त्यांनीच लिहिला आणि तो दशकानुदशकं छापला जात राहिला. मग पटकथा लिहिणाऱ्यांनी दुसरं कुठे पाहायचं?

तेराचा आकडा मुख्यतः एका कबुलीजबाबावर उभा होता. १६६२ मध्ये स्कॉटलंडमधल्या ऑल्डर्न इथल्या इझोबेल गाउडी या बाईनं आपल्या टोळीत तेरा जण असल्याचं सांगितलं. त्याच कबुलीत तिनं आपण ससा होऊन पळतो, गवताच्या काडीवर बसून उडतो, परीराणीकडे जेवतो असंही सांगितलं होतं. १९७५ मध्ये नॉर्मन कोन या इतिहासकारानं मरे यांची अवतरणं मूळ कागदांशी ताडून पाहिली. अशक्य गोष्टी त्यांनी वगळल्या होत्या आणि शक्य वाटणारा भाग तेवढा ठेवला होता, हे त्यानं दाखवून दिलं. कोनचं दुसरं काम मला अधिक मोलाचं वाटतं. रात्री गुप्तपणे जमणारे, लहान मुलं मारून खाणारे, व्यभिचार करणारे लोक ही कथा त्यानं पार दुसऱ्या शतकापर्यंत मागे नेली. तेव्हा रोमन लोक ती ख्रिस्ती लोकांबद्दल सांगत. ख्रिस्ती सत्तेवर आल्यावर तीच कथा पाखंडी ठरवलेल्या पंथांवर चिकटवली गेली, आणि पंधराव्या शतकात ती चेटकिणींपाशी आली. कथा तीच होती, फक्त ज्यांच्यावर ढकलायची ती माणसं बदलत गेली.

मराठी वाचकाला हा पंथ जरा परका वाटणं साहजिक आहे. आपली चेटकीण, हडळ, करणी, मूठ यांच्यामागे देवाच्या विरोधात उभा ठाकलेला एक मालक नसतो. सैतान हा शब्दच आपल्याकडे फारसी-अरबीतून आला. पण सूड घेणारा मेलेला जादूगार आपल्या पडद्यावरही आला. तुलसी आणि श्याम रामसे यांचा ‘पुराना मंदिर’ १९८४ चा. त्यात सामरी नावाच्या सैतानपूजकाला राजा मृत्युदंड देतो, तो राजाच्या वंशाला शाप देतो, आणि कितीतरी पिढ्यांनंतर शहरात शिकणारी राजाची वंशज मुलगी त्या जुन्या हवेलीकडे जाते. क्रॉसच्या जागी त्रिशूळ. रामसे बंधूंनी १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’साठी महाबळेश्वर गाठलं होतं, तेही पैशांची ओढाताण असताना. कमी पैशांत भयपट काढायला निघालेल्या माणसाला देश कुठलाही असो, एक जुनी वास्तू, एक जुनं पाप आणि पुष्कळ अंधार लागतो.

आता भांडणाकडे येतो. ते १६९२ या आकड्याशी आहे.

व्हाइटवुड काल्पनिक असलं, तरी ते साल खरं आहे. त्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम आणि आसपासच्या गावांत चेटकाचे खटले चालले. दीडशेहून अधिक माणसांवर आरोप झाले. १९ जणांना फाशी दिलं, त्यात १४ बायका आणि ५ पुरुष. जाइल्स कोरी हा ऐंशीच्या आसपासचा शेतकरी आरोपाला उत्तरच द्यायला तयार होईना, म्हणून त्याच्या छातीवर दगड रचत गेले. १९ सप्टेंबरला तो त्या ओझ्याखाली मेला. निदान पाच जण तुरुंगात मेले. जाळलं मात्र एकालाही नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये इंग्रजी कायदा चालत होता आणि १६०४ च्या त्या कायद्यात चेटकाला फाशी होती. जाळण्याची शिक्षा युरोपच्या मुख्य भूमीवर आणि स्कॉटलंडमध्ये होती. चित्रपटातली ती पहिली चिता तिथून उचलून अमेरिकेत आणलेली आहे.

एवढी चूक मी सोडून दिली असती. पडद्यावर आग दिसते तशी दोरी दिसत नाही. पण पुढची उलटापालट सोडता येत नाही. चित्रपटात जेथ्रो कीन आरोप नाकारतो आणि सुटतो. सेलममध्ये ज्यांनी नाकारलं, ते फासावर गेले. ज्यांनी ‘हो, मी चेटकीण आहे, मी सैतानाच्या वहीत सही केली’ असं कबूल केलं, त्यांना जिवंत ठेवलं गेलं, कारण त्यांच्याकडून आणखी नावं मिळणार होती. सॅम्युअल वॉर्डवेल या सुतारानं आधी कबुली दिली. नंतर ती खोटी म्हणून मागे घेतली आणि २२ सप्टेंबरला तो फासावर चढला. फिर्यादीच्या स्वप्नात किंवा झटक्यात आरोपीचं छायारूप दिसलं, तर तो पुरावा धरला जात होता. अशा पुराव्याला आरोपी काय उत्तर देणार? मी त्या वेळी घरी झोपलो होतो म्हणून सांगून उपयोग नव्हता, कारण शरीर घरी असलं तरी छाया फिरत होती असं न्यायालय मानत होतं.

मरणाऱ्या चेटकिणीचा शाप ही कल्पनाही सेलमचीच. १९ जुलै १६९२ ला सेरा गुड या गरीब, भीक मागून जगणाऱ्या बाईला फाशी देताना पाद्री निकोलस नॉयसनं तिला कबुली द्यायला सांगितलं. ती म्हणाली, मी चेटकीण नाही, आणि माझा जीव घेतलास तर देव तुला रक्त प्यायला लावील. नॉयस १७१७ मध्ये तोंडातून रक्त येऊन मेला, अशी आख्यायिका मागे राहिली. खटल्यांतला एक न्यायाधीश जॉन हॅथॉर्न. त्याचा वंशज नॅथॅनिएल हॉथॉर्न मोठा कादंबरीकार झाला. १८५१ च्या ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’मध्ये त्यानं हा शाप एका फाशी जाणाऱ्या माणसाच्या तोंडी घातला. तिथे शाप देणारा निर्दोष आहे आणि त्याची जमीन बळकावणारा दोषी. पूर्वजाच्या पापाचं ओझं मानेवर घेऊन लिहिणाऱ्या माणसानं गोष्ट सरळ ठेवली.

शंभर वर्षांनी भयपटानं ती फिरवली. व्हाइटवुडमध्ये एलिझाबेथ सेल्विन खरोखरच चेटकीण आहे. सैतानाशी तिचा करार खरोखर झालेला आहे. तिला जाळायला निघालेली गर्दी बरोबर होती, आणि चुकलं काय, तर नीट जाळली नाही. विज्ञानाची बाजू घेणारा रिचर्ड शेवटी क्रॉसच्या आधारानं जगतो. इतक्या देखण्या धुक्यातून हा चित्रपट सेलमच्या न्यायाधीशांच्या बाजूनं निकाल देतो. तो बनवणाऱ्यांच्या मनात असं नव्हतं, त्यांना चांगला भयपट काढायचा होता आणि तो त्यांनी काढला. पण त्यानंतरच्या शेकडो चित्रपटांनी हीच मांडणी घेतली. त्या काळी मेलेल्या बायका खऱ्याच सैतानाच्या होत्या आणि आता त्या सूड घ्यायला येत आहेत, ही कल्पना इतक्या वेळा दाखवली गेली की ती इतिहासासारखी वाटू लागली.

ती पडद्यावरच राहिली असती, तर मी इतकं लिहिलं नसतं. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथल्या एका बालवाडीवर आरोप झाले. गुप्त भुयारं, प्राण्यांचे बळी, सैतानी विधी, आणि त्यात मुलांचे लैंगिक छळ. सात वर्षं प्रकरण चाललं, अमेरिकेच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत खर्चिक फौजदारी खटला झाला, आणि १९९० मध्ये एकही दोषसिद्धी न होता संपला. दहा वर्षांच्या त्या लाटेत देशभर असे खटले उभे राहिले. १९९२ मध्ये एफबीआयचे तज्ज्ञ केनेथ लॅनिंग यांनी अशा आरोपांचा अभ्यास करून अहवाल दिला. खून आणि बळी देणाऱ्या संघटित सैतानी पंथाचा पुरावा त्यांना मिळाला नव्हता. तरी १९९४ मध्ये आर्कन्सॉ राज्यात तीन तरुणांना लहान मुलांच्या हत्येसाठी शिक्षा झाली, एकाला मृत्युदंड. हत्या सैतानी विधीतून झाली, असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं, आणि त्याला आधार म्हणून एकाचे काळे कपडे, त्याची पुस्तकं आणि तो ऐकत असलेलं हेवी मेटल संगीत पुढे केलं गेलं. २०११ मध्ये, अठरा वर्षं तुरुंगात काढल्यावर, ते तिघे बाहेर आले. त्याच संगीताच्या जगात व्हाइटवुडला मानाचं स्थान होतं. आयर्न मेडन या बँडनं १९९० च्या सुमारास आपल्या एका गाण्याच्या व्हिडिओत या चित्रपटातली दृश्यं वापरली, आणि रॉब झोंबीच्या १९९८ च्या एका गाजलेल्या गाण्याची सुरुवात ड्रिस्कॉलच्या, म्हणजे लींच्या, आवाजानं होते. त्या वाक्यात प्राध्यापक अंधश्रद्धा, भीती आणि मत्सर या तीन गोष्टींबद्दल बोलत असतात. सेलमबद्दल या चित्रपटातलं सर्वांत खरं वाक्य तेच आहे, आणि ते खोट्या तोंडी घातलेलं आहे.

म्हणून हा चित्रपट बघताना मी दोन्ही गोष्टी मनात ठेवतो. धुक्यातून येणारे ते काळे आकार पाहून आजही अंगावर काटा येतो. आणि पहिल्या दृश्यात ती बाई हसते, तेव्हा सेरा गुड आठवते. तिची चार-पाच वर्षांची मुलगी डॉरथी हिलाही चेटकीण म्हणून पकडून साखळदंडात ठेवलं होतं. मुलगी सुटली, पण पुढे कधी सावरली नाही, असं बापानं भरपाई मागताना लिहून दिलं.

चित्रपटात एलिझाबेथ सेल्विनच्या मरणाच्या जागी खानावळीची पाटी आहे. सेलममधल्या १९ जणांना नेमकं कुठे फाशी दिलं, यावर बराच काळ वाद होता. जुनी कागदपत्रं आणि नकाशे तपासून संशोधकांनी २०१६ मध्ये प्रॉक्टर्स लेज ही जागा नक्की केली. ती एका औषधांच्या दुकानामागे, वस्तीतल्या उतारावर आहे. १९ जुलै २०१७ ला, सेरा गुड आणि तिच्याबरोबरच्या चौघींच्या फाशीला ३२५ वर्षं झाली त्या दिवशी, तिथे १९ नावं कोरलेली दगडी भिंत उभी राहिली.

एक नाव त्या भिंतीवर नाही, कारण तिला फाशी झाली नव्हती. अँडोव्हरच्या एलिझाबेथ जॉन्सनला १६९३ मध्ये मृत्युदंड सुनावला गेला, तेव्हा ती २२ वर्षांची होती. गव्हर्नर फिप्स यांनी शिक्षा थांबवल्यामुळे ती वाचली आणि ७७ वर्षांची होऊन वारली. लग्न नाही, मूलबाळ नाही, त्यामुळे पुढे इतरांच्या वंशजांनी पूर्वजांची नावं निर्दोष करून घेतली, तेव्हा हिच्यासाठी अर्ज करणारं कुणी नव्हतं. नॉर्थ अँडोव्हरमधल्या आठवीच्या मुलांनी शाळेत तिची कागदपत्रं वाचली आणि आमदारांना पत्रं लिहायला सुरुवात केली. जुलै २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानं तिला निर्दोष ठरवलं. शिक्षा सुनावल्याला तेव्हा ३२९ वर्षं झाली होती.